सिॲटलजवळ कायाकवरून सॅमन कसा धरावा, आणि ओढ्यात कसा बघावा

सिॲटलजवळच्या बेलव्ह्यू-रेडमंडकडे नोकरीनिमित्त आलेला माणूस पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात कधीतरी कायाक (एकट्याने चालवायची चिंचोळी होडी) घेतो. मग ऑगस्टात ऑफिसातलं कुणीतरी हातभर कोहोचा (सॅमनची एक जात) फोटो दाखवतं, आणि कायाकवर गळाची काठी चढते. ओढ्यात अंडी घालायला आलेले सॅमन बघायला जायचं सुचतं ते फार उशिरा, बहुधा मुलांच्या शाळेची सहल निघाली की.

माझ्या मते हा क्रम उलटा आहे. प्युजेट साउंडमध्ये, म्हणजे सिॲटललगतच्या खाडीसारख्या समुद्रात, सॅमन गळाला लावणं मेहनतीचं आहे, पण जमतं. खरी कसोटी त्यानंतरची. लागलेला मासा कोणत्या जातीचा, हॅचरीतला (मत्स्यबीज केंद्रात वाढवलेला) की नदीत जन्मलेला, ठेवायचा की सोडायचा, हे लाटेवर हेलकावत, एका हातात काठी धरून काही सेकंदांत ठरवावं लागतं. ते डोळ्यांना आधी कोरड्या जमिनीवर शिकवता येतं, आणि तेही फुकटात. म्हणून मी सॅमनच्या कॅलेंडरप्रमाणे जातो: जुलैत काच, ऑगस्ट-सप्टेंबरात कायाक, नोव्हेंबरात ओढा.

जुलै: बॅलर्ड लॉक्सची काच

सिॲटलच्या बॅलर्ड भागात समुद्र आणि लेक वॉशिंग्टन यांना जोडणारे लॉक्स (पाण्याची पातळी वर-खाली करून बोटी पलीकडे नेणारे दरवाजे) आहेत. १९१७ साली ते सुरू झाले. बाजूलाच माशांसाठी २१ पायऱ्यांची शिडी बांधली आहे आणि जमिनीखालच्या खोलीत तिच्या काही पायऱ्यांना काचा बसवल्या आहेत. समुद्रातून आलेला सॅमन तुमच्यापासून हातभर अंतरावर प्रवाहाला तोंड करून उभा असतो. जुलैत सॉकाय, ऑगस्टच्या उत्तरार्धात चिनूक, सप्टेंबर संपता संपता कोहो. प्रवेश फुकट आहे.

इथे तासभर उभं राहा आणि पाठीकडे बघा. सॅमनच्या पाठीवर दोन पर असतात. पुढचा मोठा. मागचा, शेपटीच्या थोडा अलीकडे, करंगळीच्या टोकाएवढा आणि मांसल. त्याला अ‍ॅडिपोज फिन म्हणतात. हॅचरीतली पिल्लं नदीत सोडण्याआधी त्यातल्या बहुतेकांचा हा मागचा पर कापतात. तो नसेल आणि त्या जागी बरी झालेली सपाट खूण असेल, तर मासा हॅचरीचा. शाबूत असेल तर मासा वाइल्ड धरायचा. प्युजेट साउंडचा चिनूक १९९९ पासून केंद्र सरकारच्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली आहे. त्यामुळे वाइल्ड चिनूक सोडावाच लागतो, आणि हंगामाचे निम्मे नियम या छोट्याशा पराभोवती फिरतात. वाहत्या पाण्यातल्या माशाचा पर काचेतून चटकन दिसायला लागला, की निम्मी तयारी झाली असं समजा.

जाती ओळखण्यासाठी तोंड आणि शेपूट बघतात. चिनूकच्या हिरड्या काळ्या, आणि शेपटीच्या वरच्या-खालच्या दोन्ही पाकळ्यांवर काळे ठिपके. कोहोच्या हिरड्या दातांच्या मुळाशी पांढुरक्या, आणि ठिपके फक्त वरच्या पाकळीवर. पिंक आकाराने लहान, खवले बारीक, शेपटीवर मोठे लांबट डाग. इथे तो विषम सालांतच मोठ्या संख्येने येतो. चम आणि सॉकाय यांच्या अंगावर ठळक ठिपके नसतात. सॉकाय इथे समुद्रात गळाला क्वचितच लागतो, त्याची फिकीर नवख्याने करू नये.

लॉक्सला जाणं जमलं नाही, तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला इसाक्वाच्या हॅचरीत जा. १९३६ साली बांधलेली ही हॅचरी गावाच्या मधोमध आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी तिथे ‘सॅमन डेज’ची जत्रा भरते. गर्दी नको असेल तर आधल्या किंवा नंतरच्या आठवड्यातला साधा वार बरा.

कागदपत्रं

वयाची १५ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लायसन्स लागतं. ते वॉशिंग्टन राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याकडून घ्यायचं. समुद्रासाठी सॉल्टवॉटर किंवा सगळ्याला चालणारं कॉम्बिनेशन. राज्यात कायमचं घर करून ९० दिवस झाले असतील तर रहिवाशाचा दर लागतो, नाहीतर बाहेरच्याचा, आणि दोन्हींत बराच फरक आहे. वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असं धरतात. मार्चमध्ये वार्षिक लायसन्स घेऊ नका.

लायसन्ससोबत कॅच रेकॉर्ड कार्ड येतं. ठेवलेल्या प्रत्येक सॅमनची नोंद तिथल्या तिथे करायची, किनाऱ्याला लागल्यावर नाही. वर्षभरात एकही मासा मिळाला नाही तरी हिशोब खात्याला कळवायचा असतो. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

नियम मात्र पाठ करण्यात अर्थ नाही. समुद्राचे क्रमांकवार भाग पाडले आहेत: सिॲटल-ब्रेमर्टन म्हणजे मरीन एरिया १०, टकोमा-व्हॅशन म्हणजे ११. प्रत्येकाचा हंगाम वेगळा, आणि कोटा संपला की तो मधेच बंद होतो. हे वेळापत्रक दर वसंतात राज्य आणि इथल्या आदिवासी जमाती मिळून ठरवतात. न्यायाधीश बोल्ट यांच्या १९७४ च्या निवाड्याने, १८५० च्या दशकातल्या करारांच्या आधारे, धरता येण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा या जमातींचा असल्याचं मान्य केलं. त्यामुळे शरद ऋतूत पाण्यावर बोयांची लांब ओळ दिसली, तर ते जमातीच्या मच्छीमारांचं जाळं असू शकतं. लांबून वळसा घाला, आणि ‘त्यांना कसं चालतं?’ हा प्रश्न किनाऱ्यावर मोठ्याने विचारू नका. उत्तर त्या निवाड्यात आहे.

आदल्या रात्री खात्याच्या ‘फिश वॉशिंग्टन’ ॲपवर आपला एरिया उघडून बघायचा, एवढी सवय पुरे. नदीमुखांजवळ आणि काही उपसागरांत हंगाम चालू असतानाही बंदीच्या रेघा असतात, त्याही तिथेच दिसतात.

थंड पाणी

या लेखातला एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा.

प्युजेट साउंडच्या मुख्य पात्रातलं पाणी भर ऑगस्टातही १२-१३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. किनाऱ्यावर २८ अंश ऊन असतं, लोक अर्ध्या चड्डीत असतात, आणि तिथेच फसायला होतं. इथे बचाव पथकं १-१०-१ असा हिशोब शिकवतात. पाण्यात पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात राहत नाही, धाप लागते आणि त्यात पाणी गिळलं जातं. पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात. बेशुद्धी यायला १ तासाच्या आसपास लागतो. म्हणजे माणूस गारठून जाण्याच्या आधीच बुडतो, कारण बोटं वळत नाहीत आणि कायाकवर परत चढता येत नाही.

म्हणून:

लाइफ जॅकेट अंगावर, चेन लावलेलं. कायद्याने मोठ्यांनी ते होडीत ठेवलं तरी चालतं (१२ वर्षं आणि त्याखालच्या मुलांनी घातलंच पाहिजे), पण कायाक उलटली की होडीतलं जॅकेट तुमच्याआधी वाहून जातं.

ड्रायसूट. महाग आहे, बऱ्याचदा सेकंडहँड कायाकपेक्षाही महाग. पैसे कमी असतील तर कायाक जुनी घ्या, फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) घेऊच नका आणि सूट चांगला घ्या. ड्रायसूट पाणी आत येऊ देत नाही पण स्वतः ऊबही देत नाही. आत लोकरीचे किंवा फ्लीसचे कपडे घालावे लागतात. सुती काही नको.

शिट्टी आणि वॉटरप्रूफ व्हीएचएफ रेडिओ, दोन्ही जॅकेटला अडकवलेले. चॅनल १६ मदतीसाठी. फोनवर भिस्त ठेवू नका, ओल्या बोटांना तो दाद देत नाही.

कायाक सिट-ऑन-टॉप प्रकारची (आत न शिरता वर बसायची), १२ ते १४ फुटांची घ्यावी. पायाने चालवायची पेडलवाली असेल तर दोन्ही हात काठीला मोकळे राहतात. वल्ह्याची असेल तरी चालतं, फक्त वल्हं दोरीने होडीला बांधलेलं हवं. आणि लेक समामिशवर, काठाजवळ, सोबत कुणीतरी असताना मुद्दाम होडी उलटवून परत चढायचा सराव करा. आधी होडी सरळ करायची, मग पोटावर आडवं होत पाय झाडत वर यायचं, मग वळून बसायचं. पूर्ण कपड्यांत आणि सूटसकट हे सहज जमेपर्यंत समुद्रावर जाऊ नये.

वारा आणि भरती

कोकणातल्या माणसाला भरती-ओहोटी सांगायला नको, पण इथलं गणित थोडं वेगळं आहे. दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या असतात, पण सारख्या नसतात; एक ओहोटी खोल तर दुसरी जेमतेम. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला फरक दहा-बारा फुटांच्या पुढे जातो, आणि एवढं पाणी चिंचोळ्या वाटांतून आत-बाहेर करतं. टकोमा नॅरोज ही त्यातली सगळ्यात वाईट जागा. तिथला प्रवाह पेडल मारून तोडता येत नाही.

मुख्य पात्रात भरती दक्षिणेकडे आणि ओहोटी उत्तरेकडे वाहते. उन्हाळ्यात दुपारनंतर उत्तरेचा वारा सुटतो. तो ओहोटीच्या समोर आला की लाटा उंच होण्यापेक्षा ताठ होतात, एकमेकींच्या जवळ येतात, आणि नेमक्या तशाच लाटा कायाकला उलटवतात. नवख्याने १० नॉटच्या (ताशी सुमारे १८ किमी) वर वाऱ्याचा अंदाज असेल तर घरी बसावं. पहाटे निघून अकराच्या आत परत, हा रिवाज माशांनाही मानवतो.

फेरीबोटी आणि कंटेनरची जहाजं यांच्या वाटेत थांबू नका. जहाज निघून गेल्यावर काही मिनिटांनी त्याची लाट येते; ती दिसली की होडीचं नाक तिच्याकडे करा. ऑर्का (किलर व्हेल) दिसले तर जागीच थांबा किंवा मागे फिरा. साउंडमध्ये राहणाऱ्या सदर्न रेसिडेंट ऑर्कांपासून १,००० यार्ड, म्हणजे सुमारे ९१५ मीटर अंतर ठेवणं २०२५ पासून सक्तीचं आहे, आणि हा नियम कायाकलाही लागू आहे. त्यांचं मुख्य अन्न चिनूकच आहे.

कुठे आणि कशाने

पहिल्या हंगामासाठी दोनच जागा सांगतो. सिॲटलमध्ये गोल्डन गार्डन्स: वाळूवरून होडी लोटता येते आणि मेडो पॉइंट जवळच आहे. टकोमाला पॉइंट डिफायन्स पार्कमधला ओवेन बीच: कायाक उतरवायची चांगली सोय आहे, मात्र व्हॅशनची फेरीबोट जवळूनच जाते आणि टोक ओलांडलं की नॅरोजचा प्रवाह सुरू होतो. टोक ओलांडू नका.

विषम सालाच्या ऑगस्टात आला असाल तर पिंकपासून सुरुवात करा. थव्याने येतो, किनाऱ्याजवळ राहतो, लहान गुलाबी जिगला (खाली-वर हलवायचं कृत्रिम आमिष) लागतो आणि तीन-चार पौंडांचा असल्याने होडी ओढत नेत नाही. सम सालात सप्टेंबरच्या कोहोची वाट बघा. चिनूक पहिल्याच वर्षी नको; तो खोल असतो, जड शिसं किंवा डाउनरिगर (वजन लावून गळ खोल नेणारं यंत्र) लागतो, आणि नियम सगळ्यात किचकट त्याचेच.

दुकानात गेलात तर विक्रेता फ्लॅशर, हूची, हेरिंग, डायव्हर असं सगळं टोपलीत घालेल. सुरुवातीला दीड-दोन औंसाची धातूची जिग बास. होडी प्रवाहाबरोबर वाहू द्यायची, जिग खाली सोडायची, काठीचं टोक हात-दीड हात उचलायचं आणि खाली न्यायचं. बहुतेक वेळा मासा जिग खाली पडत असताना धरतो. दोरी अचानक सैल पडली तर तीही खूणच आहे. खोली मोजायला इथले जुने लोक रिळातून हाताने दोरी ओढतात, एक ओढ साधारण दोन फुटांची. कोहोसाठी पंधरा ते तीस ओढी, सकाळी कमी आणि ऊन चढेल तशा जास्त. पाण्यावर फेस, गवत, काटक्या जमलेली लांब रेघ दिसली तर तिथे दोन प्रवाह भिडताहेत असं समजा. बारीक मासे तिथे गोळा होतात आणि मागोमाग कोहो येतो.

गळाला उलटा काटा चालत नाही. प्युजेट साउंडमध्ये सॅमनसाठी बिनकाट्याचा, एका टोकाचाच गळ लागतो. दुकानातून आणलेल्या गळाचा काटा पकडीने दाबून सपाट करा आणि कापसावरून ओढून बघा. धागा अडकला तर अजून दाबायचा आहे.

होडीच्या कडेला

मासा थकला की तो आडवा होऊन पृष्ठभागावर येतो. घाई करू नका, कोहो शेवटच्या क्षणी उसळी मारतोच. हातजाळं पाण्यात आधी बुडवून ठेवा आणि माशाला डोक्याकडून त्यात येऊ द्या. जाळं वर उचलू नका. मासा पाण्यातच, जाळ्यात. आता पाठ बघा, मग शेपूट, मग तोंड.

ज्याला ठेवायची परवानगी नाही तो सॅमन होडीवर घ्यायलाच मनाई आहे, फोटोसाठीसुद्धा. पकडीने गळाचा दांडा धरून उलटा पिळला की बिनकाट्याचा गळ लगेच सुटतो. जाळं तिरपं केलं की मासा आपला आपण जातो. पर आहे की नाही याबद्दल शंका असेल तर तो आहे असंच समजून सोडायचं.

ठेवायचा असेल तर डोक्यावर लाकडी दंडुक्याचा एक नेमका फटका, मग कल्ले कापून रक्त वाहू द्यायचं, लगेच कार्डावर नोंद आणि मासा बर्फाच्या पिशवीत. दोरीला बांधून पाण्यात लोंबता ठेवू नका. सील पाठीमागेच असतो.

घरी आणल्यावर पिंकचं कोकम घालून कालवण उत्तम होतं. कोहोच्या तुकड्या हळद-तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून तव्यावर. चिनूक इतका तेलकट असतो की त्याला मसाल्याची गरजच नाही, त्याचं कालवण करणं मला पटत नाही. राज्याचं आरोग्य खातं प्युजेट साउंडचा चिनूक आठवड्यातून एकदाच खायला सांगतं, कारण त्याच्या चरबीत पीसीबीसारखी रसायनं साठतात. लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असेल तर हे विसरू नका.

नोव्हेंबर: ओढा

आता काठी घरी. आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीच्या माशांवर गाव तुटून पडतं, पोटात गाबोळी असलेले मासे पोत्यांनी धरले जातात. इथे अंडी घालायला आलेल्या माशाला हात लावणंसुद्धा गुन्हा ठरू शकतो. आणि तो खायच्या लायकीचाही नसतो: गोड्या पाण्यात शिरल्यावर सॅमन खाणं सोडतो, अंगातली चरबी जाळत वर चढतो, मांस पांढरट आणि मऊ पडतं.

सिॲटलमध्ये सगळ्यात सोपी जागा म्हणजे कार्कीक पार्कमधला पायपर्स क्रीक. नोव्हेंबरच्या मध्यापासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचा सण) आठवड्यापर्यंत चम येतात. इथली मूळची फळी शहर वाढताना संपली होती. आताची सुक्वामिश जमातीच्या हॅचरीतून आलेल्या पिल्लांमुळे टिकून आहे. पिल्लांना समुद्रात जाण्याआधी ओढ्याच्या पाण्यावर पोसलेल्या लहान तळ्यात ठेवतात, म्हणजे त्या पाण्याचा वास त्यांच्या लक्षात राहतो. तीन-चार वर्षांनी त्याच वासाच्या मागावर ती परत येतात. शनिवार-रविवारी स्वयंसेवक उभे असतात, त्यांना विचारा. बहुतेकांना प्रत्येक खळगा माहीत असतो.

आदल्या दिवशी पाऊस पडून गेला असेल आणि पाणी निवळायला लागलं असेल तो दिवस धरा. पोलराइज्ड चष्मा घ्या, त्याशिवाय पाण्यावरची चकाकीच दिसते. भडक कपडे नकोत. काठावर आलात की मिनिटभर न हलता उभे राहा. मासे सावलीला बुजून पांगतात आणि तुम्ही स्थिर झालात की जागेवर परतात.

मग मादी शोधा. तिच्या शेपटीची खालची कड खरचटून पांढरी झालेली असते. ती कुशीवर वळते आणि शेपटीचे चार-पाच फटके मारते, वाळू-गोटे उडून प्रवाहाबरोबर खाली जाऊन पडतात, ती सरळ होते आणि खळग्यावर पोट टेकवून खोली अजमावते. पुन्हा वळते. असं कितीतरी वेळ. उकरलेली जागा आजूबाजूपेक्षा फिकट, धुतलेली दिसते. मागे जांभळट-हिरव्या उभ्या पट्ट्यांचा, वाकड्या जबड्याचा नर असतो, आणि त्याच्याही मागे संधी शोधणारे एक-दोन. अंडी पडली की मादी थोडं वरच्या अंगाला सरकून पुन्हा उकरते आणि ते गोटे आधीच्या अंड्यांवर येऊन बसतात. एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते. त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत सगळे मरतात. वास येणार, मुलांना आधी सांगून ठेवा. मेलेले मासे कुणी उचलत नाही, उचलूही नयेत. ओढ्यातले किडे आणि काठावरची झाडं त्यावर पोसतात, आणि वसंतात बाहेर पडणारी पिल्लं त्या किड्यांवर.

अंडी हिवाळाभर गोट्यांखालीच असतात, त्यामुळे मासे दिसेनासे झाल्यावरही पाण्यात पाय घालू नका. कुत्रा असेल तर साखळी सोडू नका. कच्च्या सॅमनमधल्या एका परजीवीसोबत येणाऱ्या जंतूंमुळे कुत्र्यांना ‘सॅमन पॉयझनिंग’ होतं आणि उपचार न झाल्यास बहुतेक दगावतात. कुत्र्याने चुकून तुकडा खाल्ला तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरला फोन करा.

वेस्ट सिॲटलच्या लाँगफेलो क्रीकमध्ये चित्र वेगळं दिसेल. तिथे कोहो येतो, आणि शरदातल्या जोराच्या पावसानंतर पोटभर अंडी तशीच घेऊन मेलेल्या माद्या सापडतात. मरण्याआधी मासा पृष्ठभागावर तोंड उघडत गोल फिरत राहतो. कितीतरी वर्षं कारण कळत नव्हतं. २०२० च्या डिसेंबरात इथल्याच संशोधकांनी ते छापून आणलं: टायर टिकावेत म्हणून रबरात घालतात ते ६-पीपीडी हवेतल्या ओझोनशी संयोग पावून ६-पीपीडी-क्विनोन बनतं, आणि रस्त्यावरचं पावसाचं पाणी ते ओढ्यात आणतं. चमला त्याने काही होत नाही, कोहो काही तासांत मरतो. तेच पाणी मातीच्या थरांतून गाळून सोडलं तर कोहो जगतो, हेही दाखवून झालं आहे. रस्त्यांच्या कडेला झाडं लावलेले खोलगट वाफे दिसतात ते त्यासाठीच.

गाडीने तासा-दीड तासावर जायची तयारी असेल तर ऑलिंपिया आणि शेल्टन यांच्या मधला केनेडी क्रीक चुकवू नका. चांगल्या वर्षी तिथे हजारोंनी चम येतात, आणि वाटेवर ठिकठिकाणी काठाशी उभं राहायचे ओटे आहेत. ही वाट नोव्हेंबरात मुख्यतः शनिवार-रविवारीच खुली असते. निघण्याआधी त्या वर्षीच्या तारखा बघून घ्या. गमबूट घाला, डबा घेऊन जा. गाड्या लावायला जागा थोडी आहे, तेव्हा सकाळी लवकर पोहोचा.